हाक कुणाची, नाव कुणाचं?

(नव्यानं लिहिणाऱ्या पोरापोरींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जे राहून गेलं ते नंतर भरलं आहे.)

मला 'कथेतल्या पात्रांची नावं आणि टोपणनावं' या विषयावर बोलायला सांगितलंय. विषय ऐकून माझा एक मित्र म्हणाला, "च्यायला, हा काय विषय झाला? पोटाचं बोल, जागेचं बोल, नोकरीचं बोल. नावाचं काय घेऊन बसलास?" मी म्हटलं, तू खोली भाड्यानं बघायला गेलास की मालक पहिल्यांदा काय विचारतो? डिपॉझिट? नाही. नाव विचारतो. आणि तू नुसतं नाव सांगितलंस की लगेच म्हणतो, "पूर्ण नाव?" मित्र गप्प बसला. तर विषय हा आहे.

मी शिकलो दहावीपर्यंत. गोदीत ठेकेदाराच्या टोळीत काम करतो आणि कविता लिहितो. कवितेत नावाचं लफडं नसतं. 'मी' म्हटलं की भागतं. त्या 'मी'त मी असतो, माझा बाप असतो, सगळी वस्ती असते. पण मागच्या वर्षी मी पहिल्यांदा गोष्ट लिहिली आणि तिथं तोंडावर आपटलो. ते आपटणं सांगण्यासाठीच इथं उभा आहे. नावं कशी ठेवावीत याचं ज्ञान द्यायला नाही.

आमच्या टोळीत एक जण होता. त्याला सगळे 'सायरन' म्हणायचे. बोटीच्या पोटात, हॅचमध्ये, आम्ही खाली असतो आणि वरून क्रेन माल सोडते. स्टीलची कॉइल म्हणजे टनावारी वजन. वर सिग्नलवाला असतो, पण खालचा माणूस कुठं उभा आहे ते त्याला दर वेळी दिसतंच असं नाही. तर हा गडी स्लिंग हलली रे हलली की असा ओरडायचा की अख्खी टोळी भिंतीला लागायची. त्याच्या आवाजानं माझा पाय दोनदा वाचलाय. मुकादमानं त्याला नाव ठेवलं सायरन. दोन वर्षं आम्ही एका डब्यातून जेवलो, पण त्याचं खरं नाव आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

एका रात्रपाळीला सगळ्यांना वाचवणारा तोच अडकला. पाय गेला गुडघ्याखाली. आम्ही त्याला उचलून इस्पितळात नेला. खिडकीवरच्या माणसानं विचारलं, "पेशंटचं नाव?" आम्ही चौघं एकमेकांच्या तोंडाकडं बघतोय. माझ्या तोंडून निघालं, "सायरन." त्या माणसाला वाटलं आम्ही पिऊन आलोय. पास ठेकेदाराच्या माणसाकडं. तो येईपर्यंत तासभर त्या कागदावर नावाच्या जागी रेघ होती.

माणूस वाचला. मी त्याच्यावर गोष्ट लिहिली. नायकाचं नाव ठेवलं सायरन. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सायरन. मला वाटलं काय झकास नाव सापडलंय, शहरी, खणखणीत, गोदीचा वास असलेलं. त्याच्या घरी जाऊन वाचून दाखवली. त्यानं सगळी ऐकली. मग म्हणाला, "चांगली हाय. पण माझं नाव कुठाय?"

मी म्हटलं, "तू स्वतःच कधी सांगितलं नाहीस."

तो म्हणाला, "गोदीत नाय सांगितलं. नाव सांगितलं की आडनाव विचारतात आन् आडनाव सांगितलं की डबा सरकवतात. सायरन म्हटलेलं बरं वाटायचं मला, सायरनला जात नसते. पण तू तर गोष्ट लिहितोयस. गोष्टीत कोण मारणार हाय मला? तू पण मुकादमाचंच नाव लावलंस."

दोस्तहो, हे वाक्य माझ्या डोक्यात कॉइलसारखं पडलं. त्यानंतर मी मिळतील ती पुस्तकं फक्त नावांसाठी वाचत सुटलो. त्यातून जे कळलं ते तुमच्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट. आपल्याकडं नाव ठेवण्याचा कायदा होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहून ठेवलंय : ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं नाव किळस यावी असं. म्हणजे पोर अजून रांगत नाही आणि त्याच्या तोंडाला आधीच काळं. बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 ला महाडला हे पुस्तक जाळलं तेव्हा त्या आगीत हा नावाचा कायदाही जळाला. कागदावरचा जळाला. जिभेवरचा बाकी आहे.

पण थांबा. आपल्या बापजाद्यांची कचरू, केरू, दगडू, धोंडू, भिकू ही नावं सगळी मनूनंच ठेवली असं धरून चालू नका. मीही तसंच धरत होतो. आधीची दोन-तीन लेकरं दगावली की आई पुढच्या पोराला मुद्दाम असलं नाव ठेवायची. मरणाची नजर चांगल्या वस्तूवर पडते. कचरा कोण उचलून नेतं? दगडाला कोण हात लावतं? तेव्हा कचरू हे नाव वरून आलं तर ती शिवी आणि खालून, आईच्या तोंडून आलं तर ती मरणाला दिलेली हूल. अक्षरं तीच, अर्थ उलटा. म्हणून पात्राचं नाव कचरू ठेवायचं असेल तर लेखकानं आधी स्वतःला विचारावं, हे नाव ठेवलं कुणी? गोष्टीत ते सांगायची गरज नाही, पण तुम्हाला ते ठाऊक पाहिजे. ते ठाऊक नसेल तर तुम्ही 'अस्सल ग्रामीण' नावाची चटणी तोंडी लावताय.

दुसरी गोष्ट, नावाचं शेपूट. धोंडा हा एकच शब्द घ्या. धोंडो केशव कर्वे यांच्या नावात धोंडाच होता. जगानं त्यांना अण्णा म्हटलं, महर्षी म्हटलं, 1958 साली भारतरत्न दिलं. माणूस मोठा होता, त्याबद्दल वाद नाही. मी शब्दाचं बोलतोय. त्यांच्या घरी धोंड्याला 'ओ' लागला. तोच धोंडा वेशीबाहेरच्या घरात पडला की त्याचा झाला 'धोंड्या'. दगडात फरक नाही, शेपटात आहे. 'पंत', 'राव', 'जी', 'बा' ही एका बाजूची शेपटं आणि 'या' हे दुसऱ्या बाजूचं. राम्या, गण्या, शिर्प्या. मायेनं आई म्हणते तेव्हाही 'या'च असतो आणि पाटील चावडीवर म्हणतो तेव्हाही 'या'च.

आता तिसरा धोंडा बघा. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली. सगळं पुस्तक दोघांच्या संवादात आहे. उत्तर देणारे जोतीराव आणि प्रश्न विचारणारे कोण? धोंडीराव! दीडशे वर्षांपूर्वी जोतीरावांनी धोंडीच्या मागं 'राव' लावला आणि त्याच्या तोंडात प्रश्न दिले. सुंदर संस्कृत नाव शोधत बसले नाहीत. धोंडा तसाच ठेवला, फक्त त्याला बसायला जागा दिली. नाव ठेवण्याची याहून मोठी शिकवणी मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही.

तिसरी गोष्ट, आडनावाच्या जागी जात. पु. ल. देशपांड्यांचं 'व्यक्ती आणि वल्ली' 1962 साली आलं. मी ते वाचलंय, पोट धरून हसलोय, खोटं कशाला बोलू? पण नुसती अनुक्रमणिका वाचा. सखाराम गटणे, नंदा प्रधान, नाथा कामत आणि मग नामू परीट. गटण्याला आडनाव आहे, प्रधानाला आहे, कामताला आहे. नामूला धंदा आहे, म्हणजे जात. व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' 1949 चं. त्यात धर्मा रामोशी आहे, रामा मैलकुली आहे. लिहिणाऱ्याचा त्या माणसांवर जीव होता हे पानोपानी कळतं. गाव त्यांना तसंच हाक मारायचं, म्हणून लेखकानं तसंच लिहिलं, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. माझं म्हणणं एवढंच, की गावाची हाक आणि लेखकाची हाक या दोन हाका आहेत. पात्राच्या तोंडी गावाची हाक येऊ द्या. पण निवेदन करताना, कुणी विचारत नसताना, लेखक स्वतःच 'अमका महार आला' असं लिहितो तेव्हा चावडीवर बसलेला लेखक असतो.

आणि नुसतं नाव नव्हे, क्रियापद बघा. आपल्या भाषेत जात क्रियापदातही दडून बसते. 'पंत ओसरीवर आले.' 'कुळकर्णी म्हणाले.' आणि पुढच्याच ओळीत, 'सत्तर वर्षांचा म्हातारा तराळ आला, उंबऱ्याबाहेर बसला.' पंत तिशीचे असतील तरी 'आले' आणि म्हातारा सत्तरीचा असला तरी 'आला'. गोष्ट लिहून झाली की एकदा फक्त 'आला' आणि 'आले' यांच्याखाली रेघा मारत जा. मी माझ्या गोष्टीत मारल्या. मुकादम 'आले' होते, सायरन 'आला' होता. लाज वाटली.

आता आपल्या माणसांनी काय केलं ते बघू. अण्णाभाऊ साठे स्वतः पाळण्यातले तुकाराम. 1959 साली त्यांनी 'फकिरा' लिहिली. कादंबरीच्या नावात ना जात, ना राव, ना शेपूट. फकिरा! भिक्षेकऱ्याचं नाव आणि माणूस इंग्रज सरकारशी झुंजणारा. अण्णाभाऊंनी नावाला मोठं केलं नाही, माणसाला मोठं केलं आणि मग नाव आपसूक त्याच्या उंचीला गेलं. 'स्मशानातील सोनं'मधला नायक प्रेतं उकरून पोट भरतो आणि त्याचं नाव काय? भीमा. बळाचं नाव. मनूनं जे दुसऱ्याला राखून ठेवलं होतं ते अण्णाभाऊंनी बेकार खाणकामगाराला दिलं.

बाबुराव बागुलांच्या 1963 सालच्या पुस्तकाचं नावच आहे 'जेव्हा मी जात चोरली होती'. दया पवारांचं 'बलुतं' 1978 चं. त्यात दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार ऐकतो. दोघं एकच माणूस! एक नाव वस्तीत मिळालेलं, दुसरं शहरात, पुस्तकांत वावरणारं. दगडूला गाडून टाकून दया पवारांना सभ्य आत्मकथा लिहिता आली असती. त्यांनी दगडूलाच समोर बसवलं आणि म्हटलं, तू बोल. पुढं 'उपरा' 1980 ला, 'अक्करमाशी' 1984 ला, 'उचल्या' 1987 ला. हे शब्द लोकांनी अंगावर फेकलेले. लेखकांनी ते उचलले आणि मुखपृष्ठावर लावले. शिवी स्वतःच्या हातानं छापली की फेकणाऱ्याचा हात रिकामा होतो. पण हे करायचा हक्क ज्याच्या अंगावर ती शिवी पडली त्याचा. शेजाऱ्याच्या अंगावरची शिवी उचलून मी माझ्या गोष्टीला नाव दिलं तर मी फेकणाऱ्यांच्या रांगेत दुसरा.

आता थोडं आपल्या पायाखालचं. 1946 ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं, 1950 ला औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि मग हीच नावं पाळण्यात आली. सिद्धार्थ, मिलिंद, राहुल, आनंद. सुजाता, संघमित्रा, विशाखा, प्रज्ञा. जगात कुठल्या लोकांनी एवढ्या थोड्या काळात पोराबाळांच्या नावातून जुनं जग असं झटकलं असेल मला माहीत नाही. तो आपला विद्रोह आहे, घरोघरी झालेला, बारशात झालेला.

पण लिहिताना दोन चुका होतात. एक, काळाची. 1935 सालच्या गावकुसाबाहेरच्या पोराचं नाव कुणी मिलिंद ठेवलं तर ती गोष्ट मला पुढं वाचवत नाही. नावाला जन्मसाल असतं. आज्याचं नाव, बापाचं नाव आणि पोराचं नाव एकाखाली एक लिहा; त्या तीन ओळींत तुम्हाला आख्खा इतिहास दिसला पाहिजे. दुसरी चूक आळसाची. आमच्या मासिकांतल्या गोष्टी काढून बघा : नायक सिद्धार्थ, नायिका सुजाता, खलनायक पाटील किंवा देशपांडे. पहिल्या ओळीतच वाचकाला कळतं कोण चांगला, कोण वाईट, कोण मरणार. असं असेल तर गोष्ट कशाला लिहायची, मतदारयादीच छापा. मनूनंही हेच केलं होतं, नावावरून माणूस ठरवला होता. आपण उलट्या बाजूनं तेच करायचं?

आणि बायकांचं काय? आपल्याकडं लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि त्यात नवरा बायकोचं नवं नाव लिहितो. अठरा-वीस वर्षं वापरलेलं नाव एका बोटानं पुसलं जातं. म्हणजे बाईच्या पात्राला किमान दोन नावं असतात आणि जुन्या नावानं हाक मारणारी माणसं एकेक करून मरत जातात. या एका गोष्टीत केवढी कादंबरी आहे! पण आम्ही काय लिहितो? 'आई', 'माय', 'त्याची बायको'. माझ्या गोष्टीत सायरनची आई चार पानं रडते आणि तिला नाव नव्हतं. मुकादमाला दोष देणारा मी.

टोपणनावाचं शेवटी बोलतो, कारण सुरुवात तिथून झाली. टोपणनाव वाईट असतं असं मी म्हणत नाही. हॅचमध्ये 'ज्ञानेश्वर, जरा बाजूला हो' म्हणेपर्यंत ज्ञानेश्वर उरत नाही. तिथं दोन अक्षरी हाकच जीव वाचवते. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'त, 1965 च्या, पोक्या आहे. नाक्यावर पोक्याला कुणी पूर्ण नाव विचारत नाही. शहरात टोपणनाव ही आडनावापासून सुटायची एक बोळ आहे. सायरनही त्याच बोळातून सुटला होता. पण लंगड्या, काण्या, बुटक्या, काळ्या ही पण टोपणनावंच. ती ठेवणारा हसतो आणि ज्याला ठेवली तोही हसतो, कारण नाही हसला तर टोळीत टिकत नाही. ते हसणं लिहिता आलं पाहिजे. नुसतं नाव लिहून ते येत नाही.

म्हणून मी माझ्यापुरते चार प्रश्न वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलेत. हे नाव कुणी ठेवलं? या नावानं कोण हाक मारतं? हाक मारताना शेपूट कुठलं लावतं? आणि चौथा, सगळ्यात महत्त्वाचा : या नावानं कोण कधीच हाक मारत नाही? आख्खी गोदी ज्याला सायरन म्हणते त्याला त्याची आई सायरन म्हणत नाही. ती ज्या नावानं हाक मारते तिथं गोष्ट सुरू होते. आणि नाव ठरलं की वस्तीतल्या गॅलरीत उभं राहून एकदा मोठ्यानं हाक मारून बघा. जीभ अडखळली तर नाव खोटं आहे. खरंच कुणी 'ओ' दिली तर नाव बदला. जिवंत शेजाऱ्याचं नाव त्याला न विचारता पुस्तकात घालू नका.

मी गोष्ट परत लिहिली. नायकाला नाव पाहिजे होतं. त्याचं खरं नाव घालायचं नाही, हे दोघांचं ठरलं. ते मी इथंही सांगणार नाही. त्याच्या घराच्या पायरीवर तीन संध्याकाळी आम्ही नावं शोधत बसलो. मी म्हटलं सिद्धार्थ. तो म्हणाला, "आमच्या गल्लीत सात हायेत. हाक मारली की सातही वळतात." मी म्हटलं विक्रांत. तो हसला. "बोटीचं नाव वाटतंय." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "पहिलं नाव तुला पायजे ते ठेव. पण मधलं नाव कचरू ठेव. बापाचं नाव कचरू. आमच्या घराण्यात असा एक होता. आयुष्यभर त्याला कुणी पूर्ण नावानं विचारलं नाय. तू पूर्ण लिही."

आता गोष्टीचा शेवट असा आहे. इस्पितळाची खिडकी. खिडकीवरचा माणूस मान वर न करता विचारतो, "नाव?" टोळीतली माणसं एकमेकांकडं बघतात. आणि स्ट्रेचरवरून, पाय फडक्यात गुंडाळलेला तो माणूस स्वतः सांगतो. स्वतःचं नाव. मग बापाचं नाव, कचरू, आवाज खाली न आणता. मग आडनाव. खिडकीवरचा माणूस लिहितो. टोळी ऐकते. कुणाचा तरी चेहरा बदलतो, कुणाचा बदलत नाही. कुणाचा बदलला ते मी लिहिलेलं नाही.

वाचून दाखवली तेव्हा त्याची आई आत भाकऱ्या थापत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, "आन् माजं नाव घातलंस का रं त्यात?"

घातलंय, मावशी. तुझं नाही, पण तुझ्यासारख्या एकीचं घातलंय. लग्नाआधीचं.

जय भीम.